केंकेच्या वाफेचं पाणी

त्या वर्षी कुमासी शहरात माणसांना मका मिळत नव्हता आणि गाड्यांना बॅटरीचं पाणी. बंदरात मालच येईना. सुआमेच्या गॅरेजवस्तीत निम्म्या लॉऱ्या ढकलून सुरू करायच्या, उरलेल्या नुसत्या उभ्या.

मास्टर ओबेंगच्या बॅटरीच्या शेडसमोर आराबा केंके विकायची. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे पानात बांधून ती मोठ्या पातेल्यात उकडायची. एका सकाळी तिनं झाकण उचललं, तर ओबेंग रिकामी बाटली घेऊन समोर उभा.

"बाई, हे झाकणावरचं पाणी मला देशील?"

"झाकणावरचं? मास्टर, तब्येत बरी आहे ना?"

"वाफेचं पाणी स्वच्छ असतं. नळाचं ओतलं की बॅटरीतल्या प्लेटा खराब होतात."

आराबा हसत सुटली. पण आठवडाभर ती रोज झाकण तिरकं धरून त्याची बाटली भरत राहिली. ॲसिडनं जाळी झालेला शर्ट घालून हा अबोल माणूस रोज सकाळी दारात येतो, हे तिला आवडायला लागलं होतं. तसं तिनं कुणाला कळू दिलं नाही.

मग एके दिवशी ताविया ड्रायव्हर ओरडतच आला. "मास्टर, माझी बॅटरी ढेकर देतेय! केंकेची ढेकर!"

ओबेंगनं बूच काढून वास घेतला. आंबूस. आदल्या दिवशी भरलेली बॅटरी पार उतरली होती. त्यानं शेडमधल्या बाकीच्या बॅटऱ्याही उघडल्या. अकरांचं तेच.

"किनाऱ्यावरच्या बायका!" ताविया म्हणाला. "गाडीलासुद्धा जेवू घालतात. सोबत तळलेला मासा नाही का टाकला?"

सगळी गल्ली हसली. आराबाचा चेहरा उतरला.

"तिला का बोलतोस?" ओबेंगनं मान वर केली. "मागितलं मी, ओतलं मी. पिठाची आंबटाई वाफेबरोबर वर चढते आणि शिशाला खाते. हे मला कळायला हवं होतं. मला बोल."

किनाऱ्यावरच्या केप कोस्टहून येऊन आराबाला तीन वर्षं झाली होती. त्या परक्या गावात तिची बाजू कुणी पहिल्यांदाच घेतली होती.

अकरा बॅटऱ्या रिकाम्या करून धुतल्या. पण नवं ॲसिड आणणार कुठून? ओबेंगनं मेलेल्या बॅटऱ्यांमधलं जुनं ॲसिड गोळा केलं, गाळ खाली बसू दिला आणि वरचं निवळ काढून घेतलं. पण ते अगदी पातळ होतं. मग शेडच्या मागं, उघड्यावर, तापल्या वाळूत जाड काचेचं भांडं बसवून मंद निखाऱ्यावर तो ते आटवायला लागला. कुणालाही तिकडं फिरकू देईना. वारा फिरला की खोकत मागं सरायचा.

आराबानं नवीन पातेलं काढलं, त्यात पिठाचा कणही पडू दिला नाही. नुसतं पाणी उकळून तिनं वाफेचे थेंब जमवले.

"किती झालं?" ती लांबूनच विचारायची.

ओबेंग गार केलेलं ॲसिड दाटपणा मोजायच्या काचेच्या नळीत ओढून तिच्यापुढं धरायचा. "तूच वाच. तरंगा कुठं आहे?"

"बाराशे दहा."

दुसऱ्या दिवशी बाराशे तीस. चौथ्या दिवशी तरंगा हवं त्याच्याही पुढं गेला, तेराशेवर. ॲसिड पातळ करायला आराबानं पाण्याची बाटली उचलली, तसा तो किंचाळलाच.

"आम्लात पाणी नाही! पाण्यात आम्ल, तेही थेंबाथेंबानं. उलटं केलंस तर तोंडावर उडेल."

"मग नीट सांगायचं. ओरडता कशाला?"

"घाबरलो," तो म्हणाला, आणि लाजून नळी पुसत बसला.

तावियाची लॉरी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. तो थेट टेचिमानच्या बाजाराला गेला आणि परतताना अर्धं पोतं मका आराबाच्या दारात टाकून गेला. तोंडानं माफी मागितली नाही. पण पुढच्या वर्षी तिच्या आणि ओबेंगच्या लग्नात सगळ्यांत जास्त तोच नाचला.

सव्वीस वर्षं संसार झाला. शेवटपर्यंत ती त्याला मास्टरच म्हणायची आणि तो तिला बाई. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती नळीनं एकेक कप्पा तपासून आकडे सांगायची, तो खडूनं बॅटरीवर लिहायचा. चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांची बारीक खळखळ ऐकत दोघं जेवायची. बोलायला फारसं काही नसायचं आणि ते दोघांनाही चालायचं.

आता ओबेंग नाही. बॅटऱ्या बंद डब्याच्या झाल्या, त्यांना पाणी लागत नाही. आराबा लेकीकडं केप कोस्टला राहते. परवा खाली किनाऱ्यावर एक कोळी दिव्याच्या जुन्या बॅटरीत हंड्यातलं पाणी ओतायला निघाला होता. म्हातारी काठी टेकत, धापा टाकत वाळूतून गेली आणि तिनं त्याचा हात धरला.

"आजी, तुम्हाला काय कळतंय यातलं?"

"सरक," आराबा म्हणाली आणि वाळूत बसून तिनं एकेक बूच उघडायला सुरुवात केली.