पाठीमागचं पाणी

“माझ्या दादाला मागं सरक म्हनून कोन बोललं?”

धाकूनं भरल्या सभागृहात हे विचारलं, तेव्हा मी त्याच्या समोरच होतो. स्टेजमागच्या भिंतीवर मला खिळे मारून टांगलं होतं. खुर्च्यांवर माणसं होती, माईक होता, मागे चहाचं पातेलं उकळत होतं. उत्तर कुणीच दिलं नाही. ज्यांना ते ठाऊक होतं ती दोन माणसं पहिल्या रांगेत बसली होती. तिसरा मी. मला कुणी विचारलंच नाही. म्हणून आता तुम्हाला सांगतोय.

मी पाग. खाडीत हातानं फेकायचं गोल जाळं. भाईंदर पश्चिमेला खाडीकाठच्या वस्तीत विठू आणि धाकूच्या बापानं मला ओट्यावर बसून विणलं. खालच्या कडेला शिशाचे मणी ओवले, वरच्या टोकाला दोरी बांधली. पाग फेकताना ती दोरी मनगटाला अडकवतात, म्हणजे पाग हातचा जात नाही.

बाप गेल्यावर मी थोरल्या विठूकडे आलो. धाकटा धाकू मार्केटात टेम्पो भरायचा. शाळा त्यानं मास्तरांशी भांडून चौथीतच सोडली होती. त्याच्या हातून मी कधी धड उघडलो नाही. तो मला रागानं भिरकवायचा आणि मी गोळा होऊन धप्पकन पडायचो.

“आरं, पाग हाय तो, धोंडा न्हाय,” विठू हसायचा.

“मंग तूच फेक. मी खातो.”

विठूच्या हातात मात्र मी ताटासारखा उघडायचो. त्याची रीत ठरलेली होती. तोंड खोल पाण्याकडे, पाठ वस्तीकडे. पायानं तळ चाचपायचा आणि मगच पुढचं पाऊल. मागे जायचं नाही. त्या वर्षांत तर नाहीच. मीरा रोडला इमारती वर चढत होत्या आणि त्यांच्या रेतीसाठी आमच्या खाडीचा तळ पंपानं उपसला जात होता. काल गुडघाभर पाणी असलेल्या जागी आज माणूस बुडेल असा खड्डा.

कौस्तुभ आमच्याकडे आला तो याच दिवसांत. राहायला मीरा रोडच्या पूनम सागरला, नोकरी ऑफिसात, आणि रविवारी लेखक. नद्यांवर प्रवासलेख लिहायचा, मधूनमधून कविताही. त्याच्यासोबत अभिनव असायचा, गळ्यात नवा डिजिटल कॅमेरा.

“विठूदादा, तुम्ही हिला खाडी म्हणता, पण ही उल्हास नदी आहे. इथे ती समुद्राला भेटते. अशा वेळी तुमच्या मनात काय येतं?”

“बोईट मासा मिळंल का न्हाय, ह्येच येतं.”

कौस्तुभला ते फार आवडलं. त्यानं लगेच लिहून घेतलं. घरी येऊन विठू बायकोला म्हणाला, “शिकली-सवरली मानसं, पन पान्याला गावाचं नाव इचारतात.”

बायको सुलू मात्र हसली नाही. मासळी कमी होत चालली होती. नव्या टॉवरला वॉचमन घेत होते. त्या रविवारी सकाळीही ती तेच म्हणाली. “त्या दोघांच्या मागं फिरून काय मिळतं तुमाला? टॉवरला जाऊन इचारा तरी.”

“मी नसलो म्हंजे कळंल तुला,” असं म्हणून विठूनं मला खांद्यावर टाकलं.

नवरे असं बोलतात. मी आजवर किती तरी ओट्यांवर ऐकलंय. संध्याकाळी ते जेवायला परत येतात.

त्या दिवशी उतरत्या उन्हात विठू मला फेकत होता. अभिनवला फोटो मिळेना. “पाठ येते यार सारखी. चेहरा पाहिजे. दादा, इकडे बघा ना.”

विठू वळला. आयुष्यात पहिल्यांदा त्याची पाठ खोल पाण्याकडे आली.

“बास, मस्त. आता थोडं मागे सरका,” कौस्तुभ म्हणाला. “पाणी छातीपर्यंत येऊ दे. नदीतून उगवल्यासारखं वाटलं पाहिजे.”

विठू लाजून हसला आणि मागे सरकला. एक फोटो निघाला.

“अजून एक पाऊल. लाइट जातोय.”

ते पाऊल तळाला लागलंच नाही. तो खाली गेला तेव्हा माझी दोरी त्याच्या मनगटाला होती. माझे मणी जड होते. त्यानं हात मारले, मीच त्याच्या हातापायांत गुंडाळलो गेलो. काठावर दोघं ओरडत होते. पोहता दोघांनाही येत नव्हतं.

पोलिसांना त्यांनी सांगितलं, तो स्वतःच खोल पाण्यात गेला. दिवाळी अंकात कौस्तुभनं हेच फार सुंदर करून लिहिलं. अंक आणि मिठाईचा पुडा घेऊन तो वस्तीवर आला, आणि अंकाच्या कार्यक्रमात विठूची आठवण म्हणून ठेवायला मला सुलूकडून मागून घेऊन गेला.

पुढचं मी नंतर ओट्यावर ऐकलं. शेजारच्या शालूनं तो लेख नळावर वाचून दाखवला. “नदीनं हाक मारली, आणि तो मागे वळून न बघता चालत गेला.”

एक जण हळूच म्हणाली, “म्हंजे सोताहून गेला.”

सुलूच्या हातातली कळशी भरून वाहत राहिली. सकाळचं भांडण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री तिनं ते धाकूला सांगितलं. “माझ्यामुळंच गेले,” म्हणाली. तिला दुसरं काही विचारायचं नव्हतं आयुष्यात. नवरा बुडाला की तिला टाकून गेला, एवढंच.

धाकूला लेख वाचता आला नाही. तो लेखावरचा फोटो बघत बसला. विठू छातीभर पाण्यात, तोंड काठाकडे, हसतोय. दादा आपणहून असा कधीच उभा राहायचा नाही. मग तो उठला आणि थेट कार्यक्रमाला आला, तशाच मळक्या शर्टात.

“धाकू, बस ना. आपण नंतर निवांत बोलू,” कौस्तुभ म्हणाला.

“नंतर कंदी? दादाला वळून उभा कोनी केला, त्येवढं सांग.”

अभिनव मोबाईलमध्ये बघत होता. अध्यक्ष क्षितिजाबाई उठल्या. “दुःख फार मोठं आहे. आपण सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या.”

सगळे उभे राहिले, माना खाली घालून. त्या शांततेत धाकू स्टेजवर चढला आणि त्यानं मला ओढून काढलं. खिळ्यांनी माझी कड टरटर फाटली. कुणी अडवलं नाही. दोन मिनिटं अजून व्हायची होती.

घरी येऊन त्यानं सुलूपुढे फोटो धरला. “बघ वहिनी, तोंड इकडं हाय.”

“फोटो आधी काढला असंल,” ती म्हणाली. “गेले असतील नंतर.”

धाकू उठला आणि बांबू आणायला गेला.

आता मी खाडीत आहे, चार बांबूंना बांधलेला, रेतीच्या खड्ड्याच्या कडेला. माझ्यात चिंबोऱ्या अडकतात, प्लास्टिक अडकतं. सुलू अलिबागकडे माहेरी गेली. धाकू कुठे गेला, ठाऊक नाही. रविवारी अजून माणसं येतात आणि मावळतीला माझे फोटो काढतात. किती सुंदर, म्हणतात. लिहा बाबांनो, नदीवर खुशाल लिहा. पण पाण्यात माणूस उभा असेल तर आधी विचारा, त्याच्या पायाखाली काय आहे. आणि तो बुडाला, तर बुडाला असंच लिहा.

मला इथे बांधलं त्या दिवशी ओहोटी होती. धाकूनं सुलूला हाताला धरून काठावर आणलं. मग बांबू घेऊन, तळ चाचपत तो फोटोतल्या जागी गेला आणि वळला. छातीभर पाणी, तोंड तिच्याकडे. मागे न बघता त्यानं एक बांबू पाठीमागे पाण्यात उभा खाली रेटला. तो खाली गेला, जात राहिला, त्याचं टोकही दिसेना.

“एकच पाऊल हाय, वहिनी,” तो ओरडून म्हणाला. “जाताना तो तुझ्या घराकडंच बघत व्हता.”

सुलू चिखलात बसली आणि मोठ्यानं रडली, विठू गेल्यापासून पहिल्यांदा. धाकूनं उरलेले बांबू रोवले, मला बांधलं, शेवटची गाठ दातांनी आवळली. आणि ती उठेपर्यंत तिच्याकडे तोंड करून पाण्यातच उभा राहिला.