रानाच्या बाजूची खिडकी

बयाबाईला विमानात बसायची हौस नव्हती. तिला विमानातून आपलं रान बघायचं होतं.

हैदराबादला लेकीनं नवं घर घेतलं होतं. बयाबाई आणि नवरा रखमाजी, दोघांची तिकिटं जावयानं काढली, सकाळची, मुंबईहून. त्यांच्या पवनानगरच्या आभाळातून रोज न्याहारीच्या वक्ताला एक विमान जातं, ते हेच असणार, असं बयाबाईनं मनाशी धरून टाकलं. भाताच्या चाळीस आवण्या तिनं त्याच्याकडं बघत काढल्या होत्या. चिखलात पाय, हातात रोपाची जुडी, वाकून वाकून कंबर धरली की वर बघायला तेवढंच निमित्त. ढग फाटले की दिसायचं, लोणावळ्याच्या अंगानं, तांदळाच्या दाण्याएवढं. आता एकदा त्या दाण्यात बसून खाली बघायचं होतं.

जागा निवडायचं काम लेकाकडं, कैलासकडं. धरणाकाठी तंबूंच्या मुक्कामावर तो कामाला. कोणत्या पाहुण्याला कोणता तंबू द्यायचा हे रोज त्याच्याच हातात. मोबाईलवर विमानाच्या खुर्च्यांचा नकाशा उघडून तो तसाच ऐटीत बसला.

"दाराजवळची घे," रखमाजी म्हणाला. "उतराया बरी."

"आबा, मधेच कामशेतला उतरणार हाय का तुमी?"

जीपमधे रखमाजी जन्मभर दाराशीच बसत आला होता.

"संडासापाशी नको. पंखावर नको, खालचं काही दिसत नाही," कैलास बोट फिरवत होता. "पंखाच्या पुढं, खिडकीची. आता सांग आई, डावी का उजवी?"

"जिकडनं रान दिसंल ती."

"तेच तर काढायचंय. आवणी करताना विमान तुझ्या कोणत्या हाताला असतं?"

बयाबाईनं डोळे मिटले, जागच्या जागी वाकली. "उजव्या."

"आणि जातं कुणीकडं? तू जातीस तिकडंच, का उलटं?"

"मी जाते तिकडंच. मी आपली हळूहळू, त्ये सुसाट."

कैलासनं जमिनीवर काडेपेटी ठेवली, ती आई. तिच्या उजवीकडून त्याच दिशेला पेन सरकवलं, ते विमान. काडेपेटी पेनाच्या डाव्या हाताला राहिली. "डावी खिडकी," तो म्हणाला आणि जागा पक्की करून टाकली.

कार्तिक होता. भात झोडून झालं होतं, आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं. विमान उडालं तशी बयाबाईनं काचेला नाक लावलं. खाडी गेली, घरं गेली, डोंगर आले. राजमाचीचे दोन बालेकिल्ले तिनं लगेच ओळखले. तिचं माहेर त्यांच्याच पायथ्याचं. आता धरणाचं पाणी येईल, आता येईल. पाणी काही येईना. वाट बघता बघता ती ओठातल्या ओठात आवणीतली ओवी म्हणू लागली:

भाताची गं लावणी, पाठ उगवतीकडं,
इमान गं उजव्या हाती, डोळं माझं मावळतीकडं.

म्हणता म्हणता ती थांबली.

"अवो, घात झाला."

"काय झालं?"

"आवणी करताना माणूस मागं मागं सरतं. मी जाते उगवतीला, पर तोंड मावळतीला. कैलासनं मला तोंड फिरवून उभी केली."

रखमाजीनं मनातल्या मनात बायकोला चिखलात उभी करून पाहिली, आणि मान उजवीकडं वळवली. तिकडच्या खिडकीशी कानाला काहीतरी लावून बसलेली एक पोरगी होती, तिच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या मोकळ्या. बयाबाई उठायला गेली तर पट्ट्याचा दिवा अजून लागलेला. हवाईसुंदरीनं हातानंच बसा म्हणून खुणावलं.

रखमाजी असा माणूस, की जीप थांबवायची तरी दुसऱ्याला सांगायला लावायचा. तो कडेच्या खुर्चीवर सरकला आणि वाटेत हात लांबवून म्हणाला, "ताई, अवो ताई. तुमच्या खिडकीतनं आमचं रान दिसतंय का जरा बगता का?"

पोरीनं कानाला लावलेलं काढलं. आधी त्याच्याकडं पाहिलं, मग खाली. "केवढंतरी पाणी दिसतंय, काका."

"मदी टोकदार डोंगर हाय का?" पलीकडून बयाबाई.

"हो, सुळक्यासारखा."

"त्यो तुंग. आता पान्याच्या कडंकडंनं उगवतीला ये, बाय. धरणाची भिंत लागंल."

"लागली."

"तिच्या खाली, नदीच्या अल्याड."

"आजी, शेतं पुष्कळ आहेत. तुमचं कुठलं?"

बयाबाईनं पट्ट्यातूनच मान लांबवली. इतक्यात टिंग वाजलं, दिवा विझला. पोरगी आपणहून उठून वाटेत आली. बयाबाई दोन खुर्च्या ओलांडून खिडकीशी पोचली. पाणी मागं सरत चाललं होतं, तुंगाचं नुसतं टोक उरलं होतं. भिंतीखाली कापलेली खाचरं, परातीत निवडायला पसरलेल्या डाळीसारखी. तिनं काचेवर अंगठा टेकवला. सगळं पवनानगर नखाखाली गेलं. अंगठा उचलला तर तिथं डोंगर आला होता.

"आजी, तुम्ही बसा इथंच."

"नगं बाय. माझं झालं बगून."

ती आपल्या जागी परतली. रखमाजीनं विचारलं, "घावलं का आपलं?"

"त्या डाळीत कुटंतरी हुतं." ती हसली. "एवढूसं रान, आन् माझी कंबर मोडली व्हय त्येनं?"

"जवळनं मोठं हुतं त्ये."

पलीकडं पोरगी हसली. बयाबाईनं पदर सारखा केला, पट्टा लावला आणि आवाज खाली आणला.

"कैलासला काय बोलू नगा हां. लय मन लावून निवडली त्येनं जागा."

"मंग काय सांगायचं?"

"झ्याक दिसलं म्हनायचं. खोटं कुटं हाय?"