वर पोचलेली फांदी

मी आयव्हीची एक जुनी वेल आहे. भिंत चढणे हा आमचा कुळधर्म आहे. माझे पूर्वज किल्ल्यांवर चढले, मठांवर चढले, आणि हॅदरबी गावच्या चर्चचा मनोरा तर त्यांनी पार घंटेपर्यंत सर केला. मित्रांनो, मी स्वतः आजवर एकही भिंत चढलेली नाही.

माझा जन्म त्याच मनोऱ्याच्या टोकावर झाला. तिथे ऊन भरपूर होते, वारा होता आणि खाली बघायला सारे गाव होते. पण मनोऱ्याचे दगड सुटू लागले, तेव्हा पाद्रीबाबांनी आम्हाला उतरवायचे ठरवले. सप्टेंबरातल्या एका सोमवारी गवंड्यांनी आमचे भारेच्या भारे खाली फेकले आणि ज्याला हवे त्याने फुकट न्यावे, असे सांगितले. आमच्या यॉर्कशर परगण्यात असे एकदाच सांगावे लागते. अर्ध्या तासात पिशव्या घेऊन गाव हजर झाले.

त्यात एनिड थ्वेटबाई होत्या. वय अठ्ठावन्न, चाळीस वर्षे सूतगिरणीत काढलेली, नवरा वारलेला, खालच्या गल्लीत दोन खोल्यांचे घर. घरामागे त्यांनी एवढीशी बाग केली होती. या बागेला एक दुखणे होते. तिच्या टोकाला बस कंपनीच्या गॅरेजची मागची भिंत होती. करड्या सिमेंटची, दोन माणसे उंच, आणि कुठेही उभे राहिले तरी दिसणारी.

आमच्या गावात जूनच्या दुसऱ्या रविवारी निवडक बागा लोकांना बघायला उघडतात. कोणत्या, ते एक कमिटी ठरवते आणि पिवळ्या कागदावर नंबर घालून पोस्टात लावते. त्या कागदावर खालच्या गल्लीचे नाव कधीच आले नव्हते. ते आपण आणायचे, असे थ्वेटबाईंनी ठरवले होते. कमिटीच्या अध्यक्षा कॅथकार्टबाई पाहणीला येऊन म्हणाल्या होत्या, "बाग छान आहे हो. पण ती भिंत तेवढी..." आणि पुढचे वाक्य त्यांनी सोडून दिले होते. आमच्याकडे शिक्षा अशीच सुनावतात.

म्हणून थ्वेटबाई आयव्ही निवडायला आल्या होत्या. समोर दोन ढीग होते. एक मनोऱ्याच्या पायथ्याचा. त्याच्या फांद्या बारीक, पाने लहान, पाच टोकांची, आणि देठामागे केसांसारखी मुळे. दुसरा ढीग टोकाचा, म्हणजे आमचा. फांद्या जाड, पाने मोठी, तुकतुकीत, वर कळ्यांचे गुच्छ. थ्वेटबाईंनी क्षणभरही विचार केला नाही.

"ही घेते," त्या म्हणाल्या. "खालची अजून चढतेय. ही वर पोचलेली आहे. हिला रस्ता माहीत असणार."

शेजारी त्यांचे शेजारीच उभे होते. डेझमंड पिकर्सगिल, निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांच्या घरी आयव्हीच्या एकोणीस जाती होत्या. पांढऱ्या काठाची, मधोमध पिवळा डाग असलेली, थंडीत जांभळी पडणारी, सगळ्या. ते पायथ्याच्या ढिगातून पिशवी भरत होते. त्यांनी थ्वेटबाईंच्या हातातल्या फांदीकडे पाहिले, तोंड उघडले आणि म्हणाले, "छान निवड."

आता आमच्या जातीचे गुपित सांगते. तरुणपणी आम्ही चढतो. एकदा वर उन्हात पोचलो की आमचे चढणे संपते. भिंत धरणारी मुळे फुटत नाहीत, पाने गोलसर होतात, फुले येतात. आणि या वरच्या फांदीचे कलम जमिनीत लावले, तर ते आपण पोचलेलोच आहोत अशा थाटात जन्मभर तिथेच बसून राहते. माणसांतही अशी कलमे असतात, पण त्यांना खुर्ची मिळते.

पिकर्सगिलना हे सगळे ठाऊक होते. पण त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि न विचारता एखाद्या बाईची चूक दाखवायची रीत त्यांच्या घराण्यात नव्हती.

थ्वेटबाईंनी दहा काड्या लावल्या. नऊ कुजल्या, मी जगले. त्यांनी भिंतीशी हातभर खोल खड्डा खणला, कुजलेला पाला घातला, हाडांचा चुरा घातला. दोन उन्हाळे रोज संध्याकाळी झारीने पाणी घातले. भिंतीवर खिळे मारले, तारा ओढल्या आणि जुन्या मोज्यांच्या पट्ट्यांनी मला अलगद बांधले. मी जोमाने वाढले. आडवी वाढले.

मित्रांनो, मी प्रयत्न केला नाही असे समजू नका. प्रत्येक वसंतात मी ठरवायचे की यंदा भिंत धरायचीच. एकदा वादळात मी भिंतीला टेकून राहिले. थ्वेटबाई कुंपणापाशी जाऊन म्हणाल्या, "पिकर्सगिल, धरतेय बरं का." वारा पडल्यावर मी पुन्हा सरळ झाले.

तिसऱ्या वर्षी पिकर्सगिलांच्या घरावर माझी भावंडे पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत गेली. थ्वेटबाईंनी मग सरळ विचारलेच, "तुमची कशी हो एवढी चढली?"

विचारले की सांगायचे, असा नियम होता. पण आता सांगायचे, तर तीन वर्षे का नाही सांगितले तेही सांगावे लागले असते. पिकर्सगिलांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तुमच्याकडे वारा जरा जास्त आहे," ते म्हणाले. "पण छान चाललंय."

पुढे दरवर्षी ते कुंपणावरून हेच म्हणत राहिले. दर एप्रिलमध्ये कॅथकार्टबाई वही घेऊन येत राहिल्या आणि "भिंत अजून दिसते" एवढे लिहून जात राहिल्या. थ्वेटबाई दरवर्षी एक खिळा वाढवत राहिल्या. आशा सोडणे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते.

अकराव्या वर्षी ऑक्टोबरात त्या फावडे घेऊन माझ्यासमोर आल्या. वय एकोणसत्तर झाले होते.

"पिकर्सगिल, हिला काढतेय," त्यांनी कुंपणापलीकडे सांगितले. "दुसरी लावते. मला अजून दहा वर्षं आहेत. भिंत झाकल्याशिवाय मी मरायची नाही."

पिकर्सगिल हातातली कात्री घेऊन कुंपणाशी आले. त्यांचा चेहरा गाडी चुकलेल्या उतारूसारखा झाला होता.

"काढू नका, थ्वेटबाई. तिचा दोष नाही. ती चढणारी नाहीच. टोकाची फांदी कधी चढत नाही."

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्या सोमवारी. चर्चपाशी."

थ्वेटबाईंनी फावडे जमिनीत रोवले. "अकरा वर्षं. आणि दरवर्षी म्हणत होतात, छान चाललंय."

"छानच चाललं होतं. फक्त वर चाललं नव्हतं."

थ्वेटबाईंनी हातांची माती झटकली.

"आज आलं घालून केक केलाय," त्या म्हणाल्या. "खाणार?"

"चालेल की."

"मिळणार नाही."

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी तेव्हा छातीभर उंच आणि खाटेएवढी रुंद होते, आणि पूर्ण फुलले होते. आमची फुले हिरवट पिवळी, दिसायला काहीच नाहीत. पण त्या महिन्यात गावातल्या बाकी बागा संपलेल्या असतात, म्हणून पंचक्रोशीतल्या मधमाश्या माझ्याकडे आल्या होत्या. तांबडी-काळी फुलपाखरे आली होती. एवढी गुणगुण चालली होती की गॅरेजमधला एक मेकॅनिक शिडी लावून भिंतीवरून डोकावला आणि म्हणाला, "बाई, तुमचं काही मशीन चालू राहिलंय का?"

थ्वेटबाई ऐकत उभ्या राहिल्या. मला वाटले, झाले. त्यांनी फावडे उपटले, झाडले आणि छपरीत नेऊन ठेवले.

"झुडूप तर झुडूप," त्या म्हणाल्या. "पण दाखवीन."

त्याच दिवशी त्यांनी पुठ्ठ्यावर लिहिले: 'बाग उघडी. येता रविवार, दोन ते चार. चहा व केक.' पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "ऑक्टोबरात कोणी बाग उघडतं का? कमिटीला विचारलंत?"

"कमिटीने मला अकरा वर्षांत काय विचारलंय?" थ्वेटबाई म्हणाल्या आणि स्वतःच टाचणी लावली.

रविवारी एकतीस माणसे आली. कप हातात धरून माझ्याभोवती उभी राहिली आणि हळूहळू बोलायची थांबली. मुलांनी फुलपाखरे मोजली, भांडली, पुन्हा मोजली. पिकर्सगिलांना केक मिळाला. कडेचा तुकडा होता. सगळ्यात शेवटी कॅथकार्टबाई आल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"बाग छान आहे हो," त्या म्हणाल्या. पुढे 'पण' आला नाही. थ्वेटबाईंनी त्यांच्या कपात विचारल्याशिवाय आणखी चहा ओतला.

मित्रांनो, तुम्हाला आयव्ही लावायची असेल तर माझे ऐका. भिंत झाकायची असेल तर बारीक पानांची, मुळांचे केस असलेली फांदी निवडा. ती दिसायला गरीब असते, पण तिला अजून कुठेतरी जायचे असते. पहिली दोन वर्षे पाणी चुकवू नका. छपराच्या पन्हळीत शिरू देऊ नका. आणि माझ्यासारखी कोणी तुमच्या वाट्याला आली, तर तिला खिळ्यांना बांधून ठेवू नका. ती काय करते ते एकदा थांबून पाहा. शेजाऱ्याला काही ठाऊक असेल, तर त्याने ते पहिल्या वर्षी सांगावे.

पुढच्या वर्षी पिवळ्या कागदावर शेवटचे नाव लागले: नंबर चौदा, श्रीमती थ्वेट, खालची गल्ली. थ्वेटबाई तो कागद बघायला तीनदा पोस्टात गेल्या. बागा उघडण्याच्या रविवारी बेचाळीस लोक तिकीट काढून माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

जूनमध्ये मला फुले येत नाहीत.