खंडेनवमीचा पाना

मोटारीच्या इंजिनाखाली तेलाचं चेंबर असतं आणि त्याच्या बुडाला एक बोल्ट. तो काढायचा, जुनं तेल सोडायचं, बोल्ट परत लावायचा आणि बेताचा आवळून थांबायचं. हे थांबणं आमच्या अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला जगन्नाथरावाला, जन्मात जमलं नाही. नजरबादच्या कचेरीत तीस वर्षं कागद सरकवले, निवृत्त झाला आणि एका रात्रीत मेकॅनिक झाला. एकोणनव्वद सालच्या दसऱ्यात, पूजेला गाडी लख्ख हवी म्हणून त्यानं फियाटचं तेल घरीच बदललं आणि पान्यावर पाय देऊन बोल्ट आवळला. अति तिथे माती. आतले आटे सगळे सोलून निघाले.

खंडेनवमीच्या सकाळी तो मेटगळ्ळीला माझ्या गॅरेजवर आला तेव्हा मागे रस्त्यावर तेलाचे ठिपके पडत आले होते. माझी पूजा नुकतीच मांडून झाली होती. लाल कापडावर पाने, टॅप, हातोडे, सगळ्यांना हळदकुंकू, वर शेवंती. बाहेर गिऱ्हाइकांच्या गाड्या पूजेसाठी रांगेत उभ्या होत्या.

"दामू, अक्काला बरं नाही," अण्णा म्हणाला. "कृष्णराजनगरहून भवानीचा फोन आला होता. आताच या म्हणते. स्वल्प खाली बघ की रे, तेल गळतंय."

मी वाकून बोट लावलं. बोल्ट नुसताच फिरत होता.

"आटे गेले. टॅपनं नवे पाडून एक माप मोठा बोल्ट बसवायला पाहिजे. अर्ध्या तासाचं काम. नाळे सकाळी करून देतो."

"उद्या नाही रे. आज."

"आज पाना उचलायचा नाही. अक्कानंच शिकवलंय."

ते खरंच होतं. वडील महाराजांच्या फौजेत. आई लवकर गेली, आम्हा दोघांना थोरल्या बहिणीनं, अक्कानं वाढवलं. खंडेनवमीला वडिलांच्या तलवारीला ती कुंकू लावायची आणि आम्ही हात पुढे केला की हातावर चापट मारायची. आज हत्यार झोपलंय, उद्या उठेल, म्हणायची.

"समोर तर आहेत पाने," अण्णा हळूच म्हणाला.

"बस आहे की."

"दसऱ्याच्या गर्दीत? या गुडघ्यानं?"

खरं सांगतो, मला राग आला होता. स्वतः घाण करायची आणि सणाच्या दिवशी माझ्या दारात आणायची, ही त्याची जुनी खोड. त्या रागाला धर्माचं आयतं निमित्त मिळालं. शिवाय अक्का तीन वर्षं 'जाते जाते' म्हणत होती.

तरी अगदीच नाही म्हणवेना. फुलांच्या पुडीचा दोरा बोल्टाला गुंडाळला, हातानंच पिळून बसवला, वर तेल ओतलं. पान्याला शिवलो नाही, याचं मनातून समाधानही वाटलं. हळू जा म्हटलं आणि नारळ फोडायला वळलो.

येलवाल ओलांडल्यावर बोल्ट पडला. तेल रस्त्यावर, इंजिन जाम. चार तास अण्णा रस्त्याकडेला उभा होता. केळीचे खुंट बांधलेल्या, हार घातलेल्या लॉऱ्या समोरून गेल्या, थांबलं कुणी नाही. शेवटी एका ट्रॅक्टरवर बसून तो पोचला तेव्हा दिवे लागले होते. अक्का तीन वाजता गेली होती.

त्याचा फोन आला तसा मी निघालो. बसमध्ये उभ्यानं गेलो, जागा होती तरी. अक्काच्या घरी तिची सून भवानीबाई स्वयंपाकघराच्या दारात बसली होती. मी काही विचारलं नव्हतं, तीच बोलायला लागली.

"मामा, सकाळी लिंबाचं पाणी पाहिजे म्हणाल्या. सुरी पूजेत ठेवलेली. मी म्हटलं, आज कशी उचलू? तर म्हणाल्या, उचल ग. माणसाला लागलं तर उचलायचं. हळदकुंकू काय, परत लावता येतं. त्यांनी दोन घोट घेतले. मग दोनदा विचारलं, दामू आला का म्हणून."

मला बसवेना. परसात जाऊन उभा राहिलो. चापट मला शिकवली तिनं. हे का नाही शिकवलं, असा तिचाच राग आला. मग वाटलं, शिकवलंही असेल. सोयीचं तेवढंच मी लक्षात ठेवलं असणार.

तेरावा झाल्यावर गाडी ओढून गॅरेजवर आणली. इंजिन उघडायचंच होतं, पण मी आधी खाली शिरलो. टॅप फिरवून नवे आटे पाडले, चेंबर धुतलं, तांब्याचा वॉशर घालून मोठा बोल्ट बसवला आणि बेताचा आवळला. अण्णा स्टुलावर बसून होता. मी बाहेर आलो तेव्हा तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

"अर्धा तास पण नाही लागला रे," तो म्हणाला.

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो.