चिन्नोरची बांधी

मुन्नालाल फौजी गेला आणि त्याच्या तेरवीबद्दल गावात प्रत्येकाला मत फुटलं. मंडप कुणाचा, आचारी कुठला, भाजी कशाची, सगळं लोकच ठरवत होते. मेलेल्या माणसाच्या घरी सल्ल्यांचा सुकाळ असतो. त्यात लोकेंद्रसारखा गोंदियात नोकरी करणारा, गावाकडे सणावारी तोंड दाखवणारा मुलगा असला की मग बघायलाच नको. तो बिचारा येईल त्याला "हो काका" म्हणत होता.

अशात भैय्यालालकाकांनी, म्हणजे बापाच्या चुलतभावानं, फर्मान सोडलं. "गावाले बजारचा तांदूळ चालन. पन पानावरचा पयला भात फौजीच्याच बांधीतला पायजे. त्याच्या हातचं धान, त्याच्या नावाचं पान. आपल्या घरची रीत होय."

रीत होती खरी, पण धान माघातच विकून झालं होतं. लोकेंद्रनं घर पालथं घातलं. मागच्या खोलीत, उंदरांच्या तावडीपासून दूर, बापाची जुनी हिरवी किटबॅग आढ्याला टांगलेली सापडली. तोंड करकचून बांधलेलं, आत कडुनिंबाचा वाळका पाला आणि धान. त्याचा जीव भांड्यात पडला. म्हाताऱ्यानं घरी खायला ठेवलं असेल, असं धरून त्यानं ती गाडीवर टाकली आणि गिरणीतून सगळं भरडून आणलं. मूठभरसुद्धा मागं ठेवलं नाही. कशाला ठेवेल?

तेरवीच्या दिवशी रिंकीनं, त्याच्या बायकोनं, चुलीवरच्या गंजाचं झाकण उचललं आणि तिचा हात तसाच राहिला. वाफेबरोबर गोडसर वास अंगणभर पसरला. मंडपात बसलेले लोक बोलता बोलता थांबले.

"हा तं चिन्नोर होय," रिंकी म्हणाली. "कुठून आनला?"

"किटबॅगीतला."

"अजी, ती बिजाई होती! मायच्या चिन्नोरची. पुढच्या महिन्यात पऱ्हे टाकाचे होते ना त्याइचे."

लोकेंद्रच्या पायाखालची जमीन सरकली. मायच्या चिन्नोरची गोष्ट त्याला माहीत नव्हती असं नाही. सगळ्या गावाला पाठ होती. लोकेंद्रच्या जन्मानंतर माय, म्हणजे दुलारी, अंथरुणाला खिळली, तोंडात घास जाईना. माहेरच्या चिन्नोरची, त्या वासाच्या तांदळाची पेज मिळाली तर पिईन, एवढंच म्हणायची. मुन्नालाल लडाखहून सुट्टीवर आला, आल्या पावली बालाघाटकडे सासरी गेला आणि ह्याच किटबॅगीत बियाणं घेऊन आला. कालव्याजवळची सगळ्यात चांगली बांधी, म्हणजे भाताचं खाचर, त्यानं त्यासाठी राखून ठेवली. पुढे इटियाडोह धरणाच्या पाण्यावर सगळ्यांनी नवं, भरघोस धान धरलं, माहेरच्यांनीही धरलं. मुन्नालाल मात्र त्या बांधीत दरसाल दुलारीपुरता चिन्नोर रोवायचा.

लोक काय सोडतात? बॉर्डरवरचा शेर घरी बकरी होऊन राहतो, असं तोंडावर म्हणायचे. कारण सतरा वर्षं फौजेत काढून आलेला हा माणूस बायकोच्या ताटात भात वाढल्याशिवाय स्वतः घास घेत नसे. तिचे गुडघे गेल्यावर तर चूलही त्यानंच धरली. "मी लंगरात दोनशे जनाइसंग जेवलो," तो म्हणायचा, "ते इकडं एकटीच जेवत होती. आता तिच्यासंग नोको बसू का?" डाव्या पायाची दोन बोटं बर्फात गेली होती. कुणी विचारलं तर म्हणायचा, दोन बोटं देशाले देल्ली, उरलेली आठ दुलारीची. गेला तोही असाच, तिच्या बशीत चहा ओतताना. चहा सांडला तेव्हाच तिला कळलं.

आणि आपण त्याचं बियाणं भरडून आणलं. लोकेंद्रला स्वतःच्याच मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं. माय तेरा दिवस मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. रडली नव्हती, कुणाशी धड बोलली नव्हती. एकदाच म्हणाली होती, "आवंदा पऱ्हे मीच टाकीन." त्यानं तेव्हा नुसती मान हलवली होती. कसले पऱ्हे, कुठल्या धानाची रोपं, ते विचारलंही नव्हतं.

"मायले नोको सांगू," तो रिंकीला म्हणाला. गंजावर झाकण ठेवलं, त्यावर परात ठेवली, मधल्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं. वेडाच तो. चिन्नोरचा वास कधी दाराला जुमानतो का?

दार आतून उघडलं. दुलारी चौकटीला धरून उभी होती. तिनं गंजाकडे पाहिलं, खांबाजवळ पडलेल्या रिकाम्या किटबॅगीकडे पाहिलं.

"सारी भरडली?"

लोकेंद्रनं मान खाली घातली. "मले खायाचं धान वाटलं, माय."

तिनं किटबॅग उचलली आणि आत हात घालून तळ चाचपला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

भैय्यालालकाका लगबगीनं पुढे आले. चेहरा पडला होता, पण आवाज मोठाच. "भाभी, बालाघाटले भेटते चिन्नोर. मी सोता आनून देतो."

"चिन्नोर भेटन भाऊजी," दुलारी म्हणाली. "त्याइच्या हातचा नाई भेटन."

तिनं कोपऱ्यातलं सूप उचललं आणि मंडपातून, जेवायला जमलेल्या लोकांमधून, लंगडत बाहेर पडली. कुणाची हात धरायची हिंमत झाली नाही. डोकं फिरलं बिचारीचं, एवढंच कुणीतरी कुजबुजलं. लोकेंद्र मागून धावला.

वैशाखाचं ऊन. प्रतापगडचा डोंगरसुद्धा पांढुरका दिसत होता. धुऱ्याच्या अरुंद बांधावरून ती एकेक पाऊल टाकत होती. त्यानं हात पुढे केला, तिनं घेतला नाही. चिन्नोरच्या बांधीत ती उतरली, मांडी घालून बसली आणि भेगांमध्ये बोटं घालू लागली.

तेव्हा त्याला उमगलं. ती सरवा वेचत होती. कापणीनंतर बांधीत गळलेले दाणे गोरगरिबांच्या बाया वेचतात, तो सरवा. दारात येणाऱ्या मजुरांना पायलीनं धान मोजून देणारी ही बाई आपल्याच बांधीत सूप घेऊन बसली होती.

"माय, सहा महिने झाले कापून. आता काय भेटन?"

"भेटन तेवढं भेटन."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. भेगेतून दाणा काढायचा, चिमटीत दाबायचा, पोकळ निघाला की फुंकून द्यायचा. बहुतेक पोकळच निघत होते. भरलेले उंदरांनी आणि पाखरांनी केव्हाच नेले होते. सुपाचा तळसुद्धा झाकला गेला नव्हता. माय मात्र प्रत्येक दाण्याला डोळ्यांजवळ नेऊन बघत होती.

सरकत सरकत तो बांधाच्या कडेला आला आणि थांबला. यंदा कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला होता, बांधीत चिखल होता, म्हणून मशीन घातलं नव्हतं. म्हाताऱ्यानं एकट्यानं विळ्यानं कापलं होतं. "ये दोन दिवस," असा फोनही आला होता, आणि लोकेंद्रला सुट्टी मिळाली नव्हती. खरं म्हणजे त्यानं मागितलीच नव्हती. त्या चिखलातली पावलं वाळून टणक झाली होती. अनवाणी, खोल, ओळीनं गेलेली. डाव्या पायाला तीनच बोटं.

तेरा दिवस दाबून ठेवलेलं रडू तिथं फुटलं.

एका पावलात, टाचेच्या खोलगट जागेत, चार-सहा दाणे साचले होते. त्यानं डोळे पुसून एक दाबून पाहिला. भरलेला होता. दुसराही.

"माय, हे बघ! भरले होयेत. हे उगवतीन." त्यानं मूठ भरायला हात घातला.

"तिथले नोको उचलू."

"काऊन? हेच तं बिजाई होय."

"ते त्याइच्या पायात हायेत," दुलारी म्हणाली. "तिथंच उगवू दे."

पहिल्या सरीला हा चिखल विरघळणार आणि पाऊल जाणार, हे दोघांनाही माहीत होतं. लोकेंद्रनं हातातले दोन दाणे परत त्या टाचेत ठेवले. मग पावलाला वळसा घालून तो पुढच्या भेगेकडे सरकला.