आकाराला एक, जागेला एक

धाकट्या जावेला या नोकरीत मीच चिकटवलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

आमचं काम असं: डोक्याला मार लागलेल्या माणसाला एक गुंतागुंतीची आकृती दाखवायची, मग ती झाकून आठवणीने काढायला सांगायची. चौकोन, तिरप्या रेघा, टोकाचा त्रिकोण, प्रत्येक भागाला वेगळे गुण. आकार बरोबर असेल तर एक, जागा बरोबर असेल तर एक. दोन्ही बिघडलंय पण ओळखू येतंय, तर अर्धा. त्या माणसाला पुन्हा गाडी चालवू द्यायची की नाही, ते आमच्या मॅडम या गुणांवरून ठरवतात.

धाकटीचा हात सैल. रेघ जरा सरकली तरी जागेचा गुण देऊन मोकळी. घरी सासूबाईंना तिचं सगळं गोड, आणि इथे मॅडमनाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा. ती सैल म्हणून मी पट्टी घेऊन बसू लागले. केसभर चुकलं की गुण कापला.

अशात मुख्य तपासनीसाची जागा रिकामी झाली. ती मला हवीच होती. धाकटीच्या हाताखाली बसायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

मॅडमनी आम्हा दोघींना जुन्या चित्रांचा एकच गठ्ठा दिला, पुन्हा तपासा म्हणाल्या. प्रत्येक चित्राखाली आधीचे गुण टाइप केलेले होते. बघताक्षणी ओळखलं, हा धाकटीचाच उदारपणा. मग काय, मनसोक्त कापाकापी केली. वर मॅडमना जाऊन विचारलं, हे तपासणाऱ्या बाईला डोळे आहेत की बटणं?

मॅडमनी चष्मा काढला. "हे गुण तुमचेच आहेत. तुमची जाऊ इथे यायच्या आधीचे."

धाकटी तिथेच उभी होती. तिचे गुण त्या जुन्या गुणांशी जवळजवळ तंतोतंत जुळले होते.

"ताई, मी तुमच्याच तपासणीवरून शिकले," ती खाली बघत म्हणाली. "मॅडमनी तीच नमुना म्हणून दिली होती."

जागा तिला मिळाली. मी पट्टी घेऊन बसू लागल्यापासून माझ्या कापाकापीमुळे ज्यांची गाडी बंद झाली, त्यांची चित्रं परत तपासणं हे तिचं पहिलं काम. एका चित्रावर अडली तेव्हा माझ्याकडेच आली. पूर्वी तुम्ही याला काय दिलं असतं, म्हणाली.

मी चित्र जवळ घेऊन पाहिलं, लांब धरून पाहिलं. मला सांगता येईना. मी पूर्वी कशी बघायचे, ते आता फक्त तिला येत होतं, आणि तिच्या खुर्चीपेक्षाही मला त्याचाच हेवा वाटला.