शुद्धीवर आलेली सून

माकणीच्या कस्तुराबाईंची सून मंजुषा हिच्या अंगात यायचं. आलं की ती घोगऱ्या आवाजात सासूला "ए कस्तुरे" म्हणायची, मटण मागायची, आणि एरवी गल्लीला धाकात ठेवणाऱ्या कस्तुराबाई मुकाट्यानं चूल पेटवायच्या. देवऋषी झाला, दर्ग्याचा ताईत झाला. शेवटी कुणीतरी धाराशिवच्या पास्टर बालाजींचं नाव सांगितलं.

बालाजींनी भुतं काढायचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. येशूनं कबरस्थानातल्या एका भूतग्रस्ताला आधी नाव विचारलं, मग त्याच्यातली भुतं डुकरांच्या कळपात घातली आणि अख्खा कळप कड्यावरून पाण्यात गेला, हा बायबलातला प्रसंग सांगण्यात त्यांचा हातखंडा. म्हणून मंजुषापुढं उभं राहून त्यांनी आरोळी ठोकली, "येशूच्या नावानं सांग, कोण हाईस तू?" एकदा तिनं मेलेल्या चुलत सासूचं नाव सांगितलं, एकदा कुण्या परगावच्या बाईचं. पास्टर ओरडले की भूत त्यांच्यावर ताण करायचं.

पुढच्या खेपेपर्यंत पास्टरांचा घसाच बसला. नाइलाजानं ते तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि कसंबसं म्हणाले, "नाव काय बाई तुमचं?"

 ती स्वतःच्या आवाजात म्हणाली, "मंजुषा."

"काय होतंय तुम्हाला?"

"लग्नाआधी सासरचे म्हणले, नर्सिंग पुरं कर. आता इषयच काढू देत न्हायत." आणि ती रडायला लागली. यापुढं काय करायचं, हे पास्टरांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात प्रार्थना केली.

त्यानंतर मंजुषाच्या अंगात आलं नाही. गाव थक्क झालं. बालाजींना वाटलं, आता माकणीतही चर्चची मंडळी उभी राहणार. पण थोड्याच दिवसांत कस्तुराबाई मुलाला, शिवशंकरला, घेऊन त्यांच्या दारात हजर.

"पास्टरसाहेब, ते परत घालता येतंय का?"

"काय?"

"भूतच की! ते कसं, यायचं, मटण खायचं, जायचं. ही आता रोज बोलती. केस विंचरून समोर बसती अन् म्हणती, आत्याबाई, मी सोमवारपासून कालेजला चालले. आवाजसुद्धा चढवत न्हाय ओ! लई भ्या वाटतंय."

शिवशंकर मान खाली घालून म्हणाला, "तुम्ही आमच्या गावात येऊ नका, एवढंच."

ती दोघं गेल्यावर बालाजींनी तो अध्याय पुन्हा उघडला. डुकरांच्या पुढं मजकूर होता. तो माणूस कपडे घालून, शुद्धीवर येऊन बसलेला पाहून लोक घाबरले, आणि आमच्या मुलखातून जा म्हणून येशूला विनवू लागले. इतक्या वर्षांत या ओळींवर त्यांनी एकदाही प्रवचन दिलं नव्हतं.

सोमवारी मंजुषा त्यांना धाराशिवच्या स्टँडवर एसटीतून उतरताना दिसली. पास्टर घाईनं पुढं झाले. "मंजुषाबाई, येत्या रविवारी मंडळीपुढं साक्ष द्याल का? तुम्ही कशा बऱ्या झालात ते सांगा."

"देते की," ती म्हणाली. "पण सगळं सांगू?"

पास्टरांनी विचार केला. मंडळीत सासवाच जास्त होत्या.

"थोडक्यात सांगितलं तरी चालेल," ते म्हणाले.